रोहेकरांनी परत जायचं ते कुठे?

इस्रायलचा जयघोष करणारे आणि इस्रायलच्या नावाने बोटं मोडणारे, असे दोन्ही लोक आमच्या ठाणे-भिवंडी पट्ट्यात उदंड झाले आहेत. दोघांचा आवाज मोठा, दोघांचं वाचन शून्य. हा लेख दोघांच्याही विरोधात आहे आणि मी तो मऊ शब्दांत लिहिणार नाही. माझं म्हणणं असं: ज्यूंना त्या भूमीत हक्काचं घर असलं पाहिजे, त्याच भूमीत पॅलेस्टिनी माणसालाही हक्काचं घर असलं पाहिजे, आणि दोघांच्या हक्कांत तसूभरही फरक असता कामा नये. इस्रायलमध्ये असं मानणारे झायोनवादी, म्हणजे ज्यूंच्या राष्ट्रीय घराचे पुरस्कर्ते, आहेत. आज ते थोडे आहेत, त्यांना घरात गद्दार आणि बाहेर वसाहतवादी म्हणतात. मी त्यांच्या बाजूचा आहे. मला हे कुठल्या परदेशी पंडिताने शिकवलेलं नाही, आपल्या कोकणातल्या शनवार तेल्यांनी, म्हणजे मराठी ज्यूंनी, शिकवलं.

मी कशेळीचा. ठाण्याहून बाळकुम मागे टाकलं, खाडीवरचा पूल ओलांडला की आमचं गाव लागतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला गोदामं, रस्त्यावर मेट्रोचे खांब आणि त्या खांबांमधून वाट काढणारे कंटेनर. माझ्या लहानपणी जिथे भाताची खाचरं होती तिथे आता पत्र्याचे गाळे आहेत. गाळ्याचा मालक बहुधा आगरी, भाडेकरू गुजराती किंवा मारवाडी, माल उतरवणारा बिहारचा किंवा उत्तर प्रदेशचा, टेम्पोवाला भिवंडीचा मुसलमान. या चौघांपैकी एक जरी कामावर आला नाही तरी माल हलत नाही.

हमासने इस्रायलवर ७ ऑक्टोबर २०२३ ला केलेल्या हल्ल्यानंतरच्या आठवड्यात इथल्याच एका रहिवासी संकुलाच्या ग्रुपवर एकाने इस्रायलचा झेंडा टाकला आणि खाली लिहिलं, ‘भिवंडीचंही असंच गाझा करायला पाहिजे.’ अंगठ्यांचा पाऊस पडला. ज्याने हे लिहिलं त्याच्या गाळ्यावर मालाचा हिशेब ठेवणारा माणूस भिवंडीच्या निजामपुऱ्याहून येतो, त्याच्या हातात गाळ्याच्या चाव्या असतात. मी या गृहस्थाला दुसऱ्या दिवशी गाठून विचारलं, ‘दादा, इस्रायलमध्ये मराठी बोलणारे लोक राहतात, माहीत आहे का?’ तो म्हणाला, ‘असतील. आपल्याला काय त्याचं?’

त्या उत्तरातच सगळं आलं. या लोकांना ज्यू माणसाबद्दल काडीची आस्था नाही. त्यांना शेजारच्या मुसलमानाला चिरडण्याचं स्वप्न पडतं आणि त्या स्वप्नाला परदेशातून एक झेंडा उसना हवा असतो. ज्यूंवर युरोपात काय गुदरलं, साठ लाख माणसं कशी मारली गेली, हे त्यांनी कधी मनाला लावून घेतलेलं नाही. ज्या देशात छळछावणीतून वाचलेली माणसं आसऱ्याला आली, त्या देशाचं नाव शेजाऱ्याच्या कत्तलीसाठी वापरायचं, यापेक्षा ज्यूंचा मोठा अपमान मला माहीत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो. पुढे काही महिन्यांनी ठाण्यातल्या एका निषेध सभेला मी गेलो. गाझातल्या बॉम्बहल्ल्यांविरुद्ध सभा होती आणि निषेध रास्तच होता. पण एक वक्ते तावातावाने म्हणाले, ‘हे सगळे युरोपातून आलेले उपरे आहेत, यांनी आले तिथे परत जावं.’ टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर मी त्यांना विचारलं, ‘साहेब, रोहेकरांनी परत जायचं ते कुठे? रोह्याला? पेणकरांनी पेणला? आणि बगदादहून, येमेनहून हाकलले गेलेले ज्यू कुठे जातील?’ त्यांनी मला विषयांतर करू नका म्हणून सांगितलं. ज्या सभेत एका समाजावरच्या अन्यायाचा निषेध चालू होता, त्याच सभेत दुसऱ्या समाजाच्या हकालपट्टीला टाळ्या मिळाल्या, आणि एकालाही ते खटकलं नाही.

ही सभा जिथे झाली तिथून टेंभी नाका चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात १८७९ साली बांधलेलं शआर हशामाईम हे सिनेगॉग उभं आहे. आज महाराष्ट्रात जे थोडे ज्यू उरले त्यांतले बरेच ठाण्यात आहेत. त्या वक्त्याला तिथे जाऊन दोन माणसांशी बोलता आलं असतं.

बेने इस्रायलांचा, म्हणजे आपल्या या मराठी ज्यूंचा, जुना इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण तो निदान अलिबाग-पेणकडच्या माणसाला ठाऊक असतो. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, वाचलेली माणसं कोकणात राहिली, अशी त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. रोहेकर, पेणकर, केहिमकर, दिवेकर, चेऊलकर, नवगावकर ही आडनावं गावांवरून आली. मुंबईत मस्जिद बंदरजवळचं शआर हारहमीम हे त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं. १८७४ साली पुण्यात त्यांचा हगाडा, म्हणजे वल्हांडण सणाचा पाठ, मराठीत छापला गेला. नवस फेडताना पोहे, खोबरं, साखर, वेलची घालून मलिदा करतात आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेतात. त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. १९३७ साली डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर झाले, वरळीचा ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. इतक्या शतकांत आपल्याकडे कुणी त्यांच्यावर हात उगारला नाही. हे खरं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

या समाजाला १८९७ साली बाझलच्या पहिल्या झायोनवादी काँग्रेसचं निमंत्रण आलं होतं. त्यांनी ते नाकारलं. परतीची वेळ देव ठरवील, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे दिवस बदलले. १९४८ नंतर लोक निघाले. काही श्रद्धेने गेले, काही पोटासाठी. रेल्वेत, पोस्टात, लष्करात नोकऱ्या करणाऱ्यांना इंग्रज गेल्यावर पुढचं काही दिसत नव्हतं. तिथे त्यांचं काय झालं ते आपल्या शाळेत शिकवत नाहीत, ज्यूप्रेमी पुढारी सांगत नाहीत आणि पॅलेस्टाइनप्रेमी पुढारीही सांगत नाहीत. म्हणून मी सविस्तर सांगतो.

१९५१ मध्ये बेरशेबा भागातले काही बेने इस्रायल तेल अवीवला, नव्याने आलेल्या ज्यूंना वसवणाऱ्या ज्यू एजन्सीच्या दारात, ठाण मांडून बसले. आम्हाला काळे म्हणून हिणवतात, कामात आणि घरात डावललं जातं, आम्हाला हिंदुस्थानात परत पाठवा, ही त्यांची मागणी. एजन्सीने १९५२ मध्ये शंभरावर माणसांना खरोखरच परत पाठवलं. त्यातले अनेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले, कारण मुंबईत आता घर उरलं नव्हतं आणि तो देश त्यांना आपला वाटत होता. आपला वाटत होता म्हणूनच तिथली हेटाळणी जास्त लागली.

मग १९६२ आलं. मुख्य रब्बी यित्झाक निसिम यांच्या काळात रब्बिनेटने, म्हणजे तिथल्या ज्यू धर्मपीठाने, फर्मान काढलं. बेने इस्रायल माणूस लग्न नोंदवायला आला आणि दुसरी बाजू त्या समाजातली नसली, तर त्याच्या घराण्याची चौकशी करायची. आई ज्यू होती का, आजी, तिची आई, जितकं मागे जाता येईल तितकं. कुणाचं लग्न धर्माबाहेर झालं होतं का, कुणाचा घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाला नव्हता का. इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय तेव्हा नव्हती आणि आजही नाही. रब्बीने नाही म्हटलं की लग्न नाही. ज्या माणसांनी कोकणात शतकानुशतकं एकही रब्बी नसताना शब्बाथ पाळला, सुंता केली, शेमाची प्रार्थना म्हटली, त्यांना ज्यू राष्ट्रात विचारलं गेलं की तुम्ही पुरते ज्यू आहात का. जात पडताळणीसाठी पणजोबाचा शाळेचा दाखला शोधत हिंडलेल्या माणसाला हा छळ समजावून सांगावा लागणार नाही.

मराठी ज्यू गप्प बसले नाहीत. दिमोना, बेरशेबा, लोद अशा गावांतून माणसं उठली. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सीसमोर धरणं धरलं, उपोषण केलं. बायका होत्या, तान्ही मुलं होती. वातावरण एवढं तापलं की सुट्टीवर गेलेली क्नेसेट, म्हणजे त्यांची संसद, खास बोलवावी लागली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी चर्चा झाली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतर कुठल्याही ज्यूइतकेच आहेत. महिनाअखेर रब्बिनेटने फर्मानातून बेने इस्रायल हे नाव काढलं.

पनवेलच्या, अलिबागच्या साध्या माणसांनी एका देशाच्या संसदेला आणि धर्मपीठाला वाकवलं. मराठी माणसाने परक्या मुलखात लढलेल्या हक्काच्या लढ्यांत याहून मोठा लढा मला आठवत नाही. आणि या लोकांनी झायोनवाद सोडून हे केलं नाही. त्यांचं सरळ म्हणणं होतं: हा देश आमचा आहे, म्हणूनच इथे आम्हाला कमी लेखलेलं आम्ही चालवून घेणार नाही. प्रागतिक झायोनवाद म्हणतात तो हाच. तो जेरुसलेमच्या रस्त्यावर मराठी बोलणाऱ्या बायकांनी उपाशीपोटी बसून दाखवला.

आता यातली जी बाजू अवघड आहे तीही सांगतो, कारण ती टाळली तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

बेने इस्रायल का जिंकले? ते ज्यू होते म्हणून. १९५० च्या परतीच्या कायद्याने ते देशात पाऊल ठेवताच नागरिक झाले होते. त्यांना मत होतं, सभा भरवता येत होती, हवं तिथे बसने जाता येत होतं. ज्या उन्हाळ्यात ते जेरुसलेमला धरण्यावर बसले, त्याच उन्हाळ्यात इस्रायलचे अरब नागरिक लष्करी अंमलाखाली राहत होते. त्यांनाही मत होतं. पण आपल्या गावातून दुसऱ्या गावात जायला त्यांना लष्कराचा परवाना लागायचा. हा अंमल १९६६ च्या अखेरीस उठला. १४ मे १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात धर्म, वंश, लिंग यांवरून भेद न करता सर्व रहिवाशांना पूर्ण सामाजिक आणि राजकीय समतेचं वचन दिलेलं होतं. वचन सगळ्यांना होतं. ते निम्मं पाळलं गेलं.

लोद घ्या. लोद आणि रामला या गावांत आज बरेच मराठी ज्यू राहतात. जुलै १९४८ मध्ये याच दोन गावांतून हजारो अरबांना उन्हातान्हात पायी हाकलून देण्यात आलं. रिकाम्या घरांत नवे निर्वासित आले, काही युरोपातून, काही अरब देशांतून, पुढे काही आपल्याकडून. आपल्या माणसांचा यात दोष नाही. सरकारने जिथे नेलं तिथे ती गेली. बोटीतून उतरवून थेट वाळवंटातल्या नव्या वस्तीत नेऊन सोडायचं, अशीच तेव्हाची पद्धत होती; दिमोना वसवलं तेच १९५५ साली. पण दोष नसला तरी ठाऊक असणं भाग आहे. जो झायोनवादी शांतता म्हणतो आणि लोदचं नाव घेत नाही, त्याची शांतता मला मान्य नाही.

आगरी माणसाला जमिनीचं दुःख सांगावं लागत नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात संपादित जमिनीचा रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, जासईच्या त्या आंदोलनात पाच माणसं हुतात्मा झाली. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील पुढे होते. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळाले ते त्या रक्तावर. आमच्याकडे दर वर्षी हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. आता हे वाचा: ३० मार्च १९७६ ला इस्रायलच्या गॅलिली भागात सरकारच्या जमीन संपादनाविरुद्ध अरब नागरिकांनी संप केला. सहा जण गोळ्यांनी मेले. तेही दर वर्षी तो दिवस पाळतात, भूमिदिन म्हणून. ते त्या देशाचे नागरिक होते, आपल्याच सरकारकडे आपली जमीन मागत होते. जासईच्या हुतात्म्यांसमोर मान झुकवणारा आमचा एखादा पुढारी गॅलिलीतल्या त्या सहा जणांना दहशतवादी म्हणणार असेल, तर त्याने जासईला हार घालायला येऊ नये.

झायोनवाद म्हणजे एकच एक कडवी गोष्ट, असं जे समजतात त्यांच्यासाठी थोडं इतिहासात जातो. १९२५ साली जेरुसलेममध्ये ब्रित शालोम नावाची मंडळी उभी राहिली. आर्थर रुपिन, गेर्शोम शोलेम यांच्यासारखी माणसं त्यात होती, मार्टिन बूबर त्याच विचाराचे. सगळे झायोनवादी. त्यांचं म्हणणं होतं की या भूमीत दोन समाज आहेत, तर राज्यही दोघांचं, समान हक्कांचं व्हावं. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये ज्यूंवर लेख लिहिला, पॅलेस्टाइन अरबांचं आहे असं म्हटलं आणि जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. बूबरांनी १९३९ मध्ये त्यांना पत्र लिहिलं. माझं मत विचाराल तर अरबांच्या हक्काबद्दल गांधीजी बरोबर होते, हिटलरच्या बाबतीत ते चुकले, आणि दोन खऱ्या हक्कांचा मेळ घालायचा आहे हे बूबरांना गांधीजींपेक्षा जास्त स्वच्छ दिसलं होतं. ब्रित शालोमचं ऐकणारे थोडे होते. म्हणून ते चूक ठरत नाहीत.

पुढे १९७८ मध्ये ३४८ राखीव लष्करी अधिकाऱ्यांनी पंतप्रधान बेगिन यांना पत्र लिहिलं आणि त्यातून ‘शालोम आख्शाव’, म्हणजे शांतता आत्ता, ही चळवळ निघाली. फेब्रुवारी १९८३ मध्ये तिच्या मोर्चावर एका उजव्या माथेफिरूने हातबॉम्ब टाकला, त्यात एमिल ग्रुन्झ्वाइग हा कार्यकर्ता मेला. ४ नोव्हेंबर १९९५ ला शांतता सभेतून बाहेर पडणाऱ्या पंतप्रधान राबिन यांना एका ज्यू तरुणानेच गोळ्या घातल्या. आमच्याकडचे जे वक्ते झायोनवादी म्हटला की खुनी असं सांगतात, त्यांनी या माणसांच्या घरी जाऊन ते सांगावं.

पण या शांततावाद्यांचीही एक मोठी चूक मला लपवायची नाही. त्यांनी पॅलेस्टिनींशी समेट हवा म्हटलं आणि दिमोनाकडे पाठ केली. ज्या मजूर पक्षाच्या राजवटीत मोरोक्कोच्या, येमेनच्या, कोकणच्या ज्यूंना वाळवंटात टाकलं, हलकी कामं दिली, त्याच वर्गातले सुशिक्षित पुढे तेल अवीवच्या चौकात शांततेची भाषणं करू लागले. दिमोनातल्या माणसाला वाटलं, हे अरबाचं ऐकून घेतात, माझं कधी ऐकलं नाही. १९७७ मध्ये त्याने उजव्या बेगिनला मत दिलं आणि तेव्हापासून ते मत फारसं हललेलं नाही. आपले मराठी ज्यूही त्यात मोठ्या संख्येने आहेत. मला याचं वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही. जो घरात समता देत नाही त्याने शेजाऱ्याला देऊ केलेली शांतता घरच्यांना पटत नाही. प्रागतिकांनी हे ओळखायला पन्नास वर्षं लावली आणि अजूनही पुरतं ओळखलेलं नाही.

मात्र दिमोनातल्या, लोदमधल्या आपल्या माणसांनाही मला एक विचारायचं आहे. १९६४ साली तुम्ही रब्बीला सांगितलंत की आमच्या रक्ताची चौकशी करणारा तू कोण. मग जुलै २०१८ मध्ये तुमच्या क्नेसेटने ६२ विरुद्ध ५५ मतांनी राष्ट्र-राज्य कायदा केला, त्यात समता हा शब्दसुद्धा नव्हता, अरबी भाषेचं अधिकृत स्थान काढून घेतलं, तेव्हा तुमचा आवाज कुठे होता? ज्या लोकांनी परमुलखात मराठी टिकवली, ‘मायबोली’ नावाचं त्रैमासिक चालवलं, मुलांना अभंग-ओव्या नाही तरी निदान मराठी गाणी ऐकवली, त्यांना शेजाऱ्याच्या मायबोलीचा पाणउतारा टोचला पाहिजे होता. अरब नागरिक तुमच्या देशाच्या लोकसंख्येत पाचावा हिस्सा आहेत. तुमच्या दवाखान्यात डॉक्टर ते आहेत, औषधांच्या दुकानात ते आहेत.

आणि वेस्ट बँकेतली गोष्ट तर नागरिकत्वाच्याही पलीकडची. १९६७ पासून तिथला पॅलेस्टिनी लष्करी अंमलाखाली आहे. हेब्रोनमध्ये पॅलेस्टिनी पोराने दगड मारला तर त्याला लष्करी न्यायालयात उभं करतात. त्याच रस्त्यावरच्या ज्यू वसाहतवाल्या पोराने दगड मारला तर त्याला इस्रायलचा नागरी कायदा लागू. पूर्व जेरुसलेम सोडून सुमारे पाच लाख इस्रायली तिथे वसवले गेले आहेत. मराठी ज्यूंना दाद मागायला क्नेसेटचं दार तरी होतं. हेब्रोनच्या माणसाने कुठल्या संसदेपुढे बसायचं? तिथली एकही जागा त्याच्या मताने भरत नाही. ज्याला ज्यूंचं घर टिकावंसं वाटतं त्याने हा कब्जा संपवा असं उठताबसता म्हटलं पाहिजे. कब्जा ठेवून समता येत नाही आणि समतेशिवाय ते घर टिकणार नाही.

७ ऑक्टोबरला हमासने सुमारे १२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेली. मारलेल्यांत बेएरी किबुत्झवर राहणाऱ्या विवियन सिल्व्हर होत्या. ‘विमेन वेज पीस’ ही शांततेची चळवळ उभारणाऱ्या बायकांपैकी त्या एक, आणि गाझातल्या आजाऱ्यांना इस्रायलच्या इस्पितळात नेणाऱ्या स्वयंसेवकांतल्याही. हमासने शांततेच्या बाजूने उभ्या असलेल्या बाईला मारलं. तो हल्ला म्हणजे मुक्तिलढा, असं ज्यांना आजही वाटतं त्यांच्याशी माझं बोलणं संपलेलं आहे. आणि त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे, साठ हजारांहून अधिक माणसं मारली गेली. मुलं मारली गेली, उपाशी ठेवली गेली. हे संरक्षण होतं असं ज्यांना वाटतं त्यांच्याशीही संपलेलं आहे. या लढाईत दिमोनाचा वीस वर्षांचा एक भारतीय वंशाचा सैनिकही गेला. त्याच्या आईबापांचं दुःख आणि गाझातल्या खान युनिसच्या आईबापांचं दुःख यांत मला डावंउजवं करता येत नाही, आणि ज्यांना करता येतं त्यांची मला भीती वाटते.

२०२४ मध्ये गाझाकडे जाणारे मदतीचे ट्रक कडव्या वसाहतवाल्यांनी अडवले, पोती फोडली. तेव्हा ‘ओम्दीम बेयाखद’, म्हणजे एकत्र उभे, या चळवळीतले ज्यू आणि अरब तरुण जाऊन त्या ट्रकांभोवती उभे राहिले, मार खाल्ला. ही चळवळ स्वतःला झायोनवादी म्हणवत नाही, तिचे काही कार्यकर्ते म्हणवतात, काही म्हणवत नाहीत. मला त्या लेबलाशी कर्तव्य नाही. पोतं फोडणारा हात आणि पोतं वाचवणारा हात एवढा फरक मला कळतो.

आता भिवंडीकडे येतो, कारण ‘भिवंडीचं गाझा करा’ म्हणणाऱ्याला भिवंडीचाच इतिहास ठाऊक नाही. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडी पेटली, न्या. मादन आयोगाने त्याचा अहवाल दिला. मे १९८४ मध्ये पुन्हा पेटली, माणसं जिवंत जाळली गेली. आमच्या कशेळीतून खाडीपलीकडे पळालेली कुटुंबं जुन्या लोकांना आठवतात. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे आले आणि त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या केल्या. हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने, बरोबरीने बसवले. नळाचं भांडण, गटाराचं भांडण, नवराबायकोचं भांडण तिथेच सोडवायला लावलं. डिसेंबर १९९२ आला, बाबरी पडली, मुंबईत पुढच्या दोन महिन्यांत ९०० माणसं मेली आणि देशातलं सर्वात बदनाम दंगलीचं गाव भिवंडी, ते शांत राहिलं. हे प्रेमाच्या भाषणांनी झालं नाही. एका सतरंजीवर, समान संख्येने, समान अधिकाराने बसवल्यामुळे झालं. भिवंडीवाल्यांनी जगाला हे दाखवलं आणि आम्ही खाडीकाठचे लोक ते विसरून गाझाची स्वप्नं पाहतो.

लोदमध्येही मे २०२१ मध्ये दंगल पेटली. सिनेगॉग जळली, अरब मारला गेला, ज्यू मारला गेला. दगडाने डोकं फुटून मेलेल्या यिगाल येहोशुआ यांचं मूत्रपिंड त्यांच्या घरच्यांनी दान केलं आणि ते एका अरब बाईला बसवलं गेलं. त्या घराने सूड मागितला नाही. लोदला भिवंडीच्या मोहल्ला कमिटीची गरज आहे, आणि तिथे मराठी समजणारी माणसं राहतात. हा अनुभव त्यांच्यापर्यंत पोचवायला दुभाष्याची गरज नाही.

म्हणून माझी मागणी नेमक्या माणसांकडे आहे. ठाण्यात, पनवेलला, अलिबागला, पुण्याच्या रास्ता पेठेत ज्यांचे काका, मावश्या, आतेभाऊ दिमोनात, लोदमध्ये, अश्दोदला आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर खुशाली विचारून झाल्यावर एवढं विचारावं: १९६४ ला तुम्ही जे मागितलंत आणि मिळवलंत, ते अरब शेजाऱ्याला देणाऱ्याला तुम्ही मत द्याल का? ज्यांचे तिकडे कोणी नाहीत त्यांनी इस्रायलचा झेंडा लावण्याआधी टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये जाऊन तिथल्या माणसांना भेटावं, आणि पॅलेस्टाइनचा झेंडा लावणाऱ्यांनीही तेच करावं. आणि त्या ग्रुपवर ज्याने भिवंडीचं गाझा करायची भाषा केली त्याने तो मजकूर काढून टाकावा, आणि ज्याच्या हातात गाळ्याच्या चाव्या विश्वासाने देतो त्या निजामपुऱ्याच्या माणसाची तोंडावर माफी मागावी.